आजोळ गोव्यात असेल, तर पोर्तुगीज नागरिकत्वाचा हक्क आपल्यापर्यंत पोहोचतो का?

वायंगण (धागाकर्ता)

नमस्कार. सिंधुदुर्ग, गोवा आणि मुंबई इथल्या अनेक मराठी घरांत हा प्रश्न सध्या विचारला जातो, आणि बहुतेक वेळा तो चुकीच्या टोकाकडून विचारला जातो. "आम्ही मूळचे गोव्याचे, मग आम्हाला पोर्तुगीज पासपोर्ट मिळेल का?" या प्रश्नाचे हो किंवा नाही असे उत्तर देताच येत नाही. ज्यांचे कुलदैवत मंगेशी किंवा शांतादुर्गा आहे, पण ज्यांच्या घराण्याने कित्येक पिढ्यांपूर्वी गोवा सोडला, अशी शेकडो कुटुंबे महाराष्ट्रात आहेत. पोर्तुगालचा कायदा मूळ गाव, कुलदैवत किंवा आडनाव यांकडे पाहत नाही. एका विशिष्ट व्यक्तीचा जन्म, विशिष्ट तारखेपूर्वी, विशिष्ट भूमीवर झाल्याची नोंद आहे का, आणि त्या व्यक्तीपासून आपल्यापर्यंतचे नाते कागदावर अखंड आहे का, एवढेच तो तपासतो. एजंटाकडे जाण्यापूर्वी ही साखळी प्रत्येकाला घरबसल्या बरीचशी तपासता येते, आणि ती तपासावीच, असे मला कळकळीने वाटते. म्हणून हा धागा.

आधी हा हक्क आला कुठून ते पाहू. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा, दमण आणि दीव मुक्त झाले. भारत सरकारने २८ मार्च १९६२ च्या आदेशाने असे ठरवले की, २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशात जी व्यक्ती, तिचे आई-वडील किंवा आजी-आजोबा यांच्यापैकी कोणी जन्मले असेल, ती व्यक्ती त्या दिवसापासून भारतीय नागरिक मानली जाईल. ज्यांना हे नको होते त्यांना एका महिन्याच्या आत तसे लेखी निवेदन करायचे होते. बाकी सर्वांना कोणताही अर्ज न करता भारतीय नागरिकत्व मिळाले. तिकडे पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते थेट ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात, म्हणजे लिस्बनमधली हुकूमशाही कोसळल्यानंतर. मात्र गोव्यात जन्मलेल्या आपल्या नागरिकांनी स्वतःहून दुसरे नागरिकत्व मागितलेले नव्हते, त्यामुळे त्यांचे पोर्तुगीज नागरिकत्व गेले असे पोर्तुगालने मानले नाही. आजचा सगळा हक्क या एका गोष्टीवर उभा आहे.

पोर्तुगालचा चालू नागरिकत्व कायदा १९८१ चा आहे. त्यात २००६, २०१५, २०२० आणि २०२४ मध्ये महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या आहेत, म्हणून ज्या दिवशी अर्ज कराल त्या दिवशी लागू असलेला पाठ वाचणे अत्यावश्यक आहे. पाच वर्षांपूर्वी मामेभावाला जे सांगितले गेले, ते आज लागू असेलच असे नाही.

आपण कोणत्या पायरीवर आहोत ते आता ठरवू. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीव इथे ज्यांचा जन्म झाला आणि तिथल्या नागरी नोंदवहीत नोंदला गेला, ती माणसे कायद्याच्या दृष्टीने जन्मतःच पोर्तुगीज आहेत. त्यांना नागरिकत्व 'मिळवायचे' नसते, फक्त जन्माची नोंद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कचेरीत उतरवून घ्यायची असते. अशी व्यक्ती आज हयात नसली, तरी तिच्या वारसांना ती नोंद तिकडे करून घेता येते.

त्यांची मुले, मग ती १९६१ नंतर गोव्यात जन्मलेली असोत, मुंबईत असोत वा दुबईत, पोर्तुगीज आई किंवा वडिलांचे अपत्य म्हणून निवेदन करून आपला जन्म नोंदवू शकतात. त्यांना भाषेची परीक्षा नाही. हे नागरिकत्व नोंदणीच्या दिवसापासून नव्हे, तर जन्मापासून लागू होते. म्हणूनच मुलाची नोंद झाली, की त्याच्या मुलालाही त्याच वाटेने पुढे जाता येते आणि साखळी एकेक कडीने वाढते.

नातवंडांची वाट वेगळी आहे. मधली पिढी नोंद न करताच निवर्तली असेल, तर आजी किंवा आजोबांच्या आधारावर थेट अर्ज करता येतो. पण त्यासाठी पोर्तुगीज भाषेचे किमान ज्ञान (ए२ पातळी) सिद्ध करावे लागते, गंभीर गुन्ह्यात तीन किंवा अधिक वर्षांची शिक्षा झालेली नसावी लागते, आणि आजी-आजोबांनी आपले पोर्तुगीज नागरिकत्व मध्येच गमावलेले नसावे लागते. शेवटच्या अटीकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात. ज्या आजोबांनी पूर्व आफ्रिकेत नोकरी करताना १९८१ पूर्वी अर्ज करून ब्रिटिश नागरिकत्व घेतले, किंवा जे मुंबईत राहत असताना भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याखाली स्वतः अर्ज करून भारतीय नागरिक झाले, त्यांची गोष्ट १९६२ च्या आदेशाने आपोआप भारतीय झालेल्यांपेक्षा वेगळी ठरू शकते. तो काळ घरात कोणाला आठवत असेल, तर आजच विचारून लिहून ठेवा.

तेरेखोलकाठ

धागा फार उपयुक्त आहे, वायंगण. आमचे घर सावंतवाडी तालुक्यातले. वडिलांचे वडील याच गावचे, त्यांचा गोव्याशी काही संबंध नाही. आजीचे माहेर मात्र पेडण्याचे. तिचा जन्म १९३४ चा आणि लग्न १९५२ मध्ये झाले. वडील थोरले, जन्म १९५४. ते आज हयात आहेत. आमच्याकडे येणारा एक माणूस म्हणतो की बाईकडून हक्क येत नाही. दुसरा म्हणतो की नक्की येतो, पण त्यासाठी त्याला भलीमोठी रक्कम आगाऊ हवी आहे. नेमके काय समजावे?

वायंगण

तेरेखोलकाठ, तुमच्या प्रश्नात आपल्या बाजूच्या बहुतेक कुटुंबांची परिस्थिती आली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आजच्या कायद्यात आई आणि वडील असा भेद नाही, त्यामुळे पहिल्या माणसाचे म्हणणे त्या स्वरूपात चूक आहे. पण तुमच्या आजीचे लग्न जुन्या कायद्याच्या काळात झाले, आणि त्या काळी परदेशी पुरुषाशी लग्न केलेल्या पोर्तुगीज स्त्रीला पतीचे नागरिकत्व विवाहामुळे मिळत असेल, तर तिचे स्वतःचे जात असे. १९५२ मध्ये भारताच्या दृष्टीने आजीला केवळ लग्नामुळे भारतीय नागरिकत्व मिळाले होते का, हा खरा कायद्याचा प्रश्न आहे, आणि तो पोर्तुगीज वकिलालाच विचारावा. अशा स्त्रियांना गमावलेले नागरिकत्व निवेदन करून परत मिळवण्याची तरतूद १९८१ च्या कायद्यात आहे, पण ते निवेदन त्यांनी स्वतः करायचे असते.

परंतु त्याआधी एक वेगळाच प्रश्न विचारा. तुमच्या वडिलांचा जन्म कुठे झाला? ते थोरले आहेत असे तुम्ही लिहिले आहे, आणि पहिलटकरणीचे बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडे रीत आहे. आजी पेडण्याला गेली असेल आणि वडिलांचा जन्म तिथे होऊन तिथल्याच वहीत नोंदला गेला असेल, तर आजीच्या लग्नाचा सगळा गुंता कदाचित बाजूलाच पडेल. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार पोर्तुगीज भूमीवर जन्मलेले परदेशी बापाचे मूलही सामान्यतः पोर्तुगीज गणले जाई. बाप आपल्या राज्याच्या सेवेसाठी तिथे असेल, किंवा मुलाच्या वतीने नकार नोंदवला असेल, तेवढे अपवाद. म्हणजे तुमचे वडील आजीमार्फत येण्याऐवजी स्वतःच पहिली कडी ठरू शकतात, आणि मग तुम्ही नातू न राहता 'अपत्य' होता, ज्याला भाषेची परीक्षा नाही.

हीच रीत उलट दिशेनेही चालते, हे ध्यानात असू द्यावे. बार्देश किंवा पेडण्यातल्या घराची सून वेंगुर्ल्याची वा सावंतवाडीची असेल, तर त्या घरातले थोरले मूल पुष्कळदा सरहद्दीच्या अलीकडे जन्मले. पुढचे सगळे आयुष्य गोव्यात गेले, शाळा मराठी असो वा पोर्तुगीज तिथेच झाली, तरी जन्माची नोंद गोव्याच्या वहीत सापडत नाही. एकाच आईच्या दोन मुलांची वाट त्यामुळे निरनिराळी होते: धाकट्याला केवळ नोंद उतरवून घ्यायची असते, तर थोरल्याला आई-वडिलांच्या आधाराने यावे लागते. वंशावळ काढताना प्रत्येक नावापुढे गावाचे नाव न लिहिता बाळंतपण कुठे झाले ते लिहा. ही माहिती घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडे असते. पुरुषांना ती सहसा ठाऊक नसते.

नोंदवही

मी मडगावला राहतो आणि वकिलीच्या कामात जुन्या पोर्तुगीज नोंदी नेहमी वाचतो. वायंगण यांनी जे मांडले त्यात कागदाच्या बाजूने थोडी भर घालतो.

गोव्यात नागरी जन्मनोंदणी १९१४ पासून सुरू झाली. त्याआधीच्या ख्रिस्ती कुटुंबांच्या नोंदी चर्चच्या पुस्तकांत मिळतात, हिंदूंच्या बाबतीत मात्र तो आधार नाही. तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारच्या कार्यालयात किंवा जुनी वही असल्यास पणजीच्या पुराभिलेख खात्यात शोध घ्यावा. जन्माचा छोटा छापील दाखला घेऊन थांबू नका. नोंदीचा संपूर्ण उतारा मागा, ज्याला कार्यालयात आजही 'तेओर' म्हणतात.

तो उतारा हाती आला की सर्वप्रथम समास पाहावा. विवाह, मृत्यू किंवा नावातली दुरुस्ती अशा नंतरच्या घडामोडी तिथे टिपलेल्या असतात, आणि कधी कधी अख्खे प्रकरण त्या दोन ओळींत सुटते किंवा अडते. मग मजकूर. तारीख आणि वेळ आकड्यांत न लिहिता अक्षरी लिहिलेली असते, त्यामुळे पोर्तुगीज अंक येत नसतील तर घाईने वर्ष ठरवू नका. बापाचे नाव आणि व्यवसाय, आईचे नाव, पुढे दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावे: एका नोंदीत तीन पिढ्या असतात, आणि म्हणून ती इतकी मोलाची आहे.

यानंतर जन्माची वर्दी कोणी दिली ते वाचा. बापाने स्वतः दिली, आजोबांनी दिली, की शेजाऱ्याने? आई-वडिलांचे लग्न त्यापूर्वी नागरी वहीत नोंदलेले असेल, तर वर्दी कोणी दिली याने फारसा फरक पडत नाही. परंतु लग्न फक्त धार्मिक विधीने झाले असेल, वहीत नोंदलेच नसेल, आणि वर्दीही दुसऱ्याने दिली असेल, तर बापाचे नाव नोंदीत असूनही पितृत्व कायद्याने तेव्हा प्रस्थापित झाले होते का, असा प्रश्न लिस्बनमध्ये उभा राहतो. पोर्तुगीज कायद्याप्रमाणे नागरिकत्वासाठी तेच नाते ग्राह्य असते, जे मूल अज्ञान (म्हणजे वयाने सज्ञान न झालेले) असताना प्रस्थापित झाले. २०२४ च्या दुरुस्तीने न्यायालयीन निकालाने उशिरा सिद्ध झालेल्या नात्यांसाठी काही मुभा दिली आहे, पण ती मर्यादित आहे. आई-वडिलांनी साठाव्या वर्षी लग्न नोंदवून घेतले, तर त्याने मुलाचा हा प्रश्न सुटेलच असे समजू नये.

नावांच्या लेखनाने घाबरून जाण्याचे कारण नाही. 'श' साठी एक्स हे अक्षर वापरल्याने शंकर, गणेश, लक्ष्मण ही नावे आजच्या डोळ्यांना ओळखू येत नाहीत. विष्णूच्या शेवटी एम लागतो. प्रभूचे 'पोरोबो' होते, कामतांचे 'कामोतिम', शेणव्यांचे 'सिनाय'. लिस्बनच्या अधिकाऱ्यांना हे लेखन अपरिचित नाही. खरी अडचण येते ती हिंदू स्त्रियांच्या बाबतीत, कारण लग्नात त्यांचे पाळण्यातले नावही बदलले जाई. जन्माच्या नोंदीत शांता, आधार कार्डावर लक्ष्मी, आडनाव वेगळे, आणि मधल्या लग्नाची नोंद नाही, अशा वेळी दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे दाखवणारी विवाहनोंद किंवा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला हाच दुवा असतो. साध्या प्रतिज्ञापत्रावर सगळा भार टाकू नये. आणि नोंदीत 'सुधारणा' करून देतो म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. मूळ वहीशी न जुळणारा उतारा हा गुन्ह्याचा पुरावा होतो, अर्जाचा नव्हे.

गिरगावकरीण

माझ्या सासऱ्यांचा जन्म १९४० चा, डिचोलीचा, आणि तो तिथे नोंदलेला आहे. त्यांचे निधन झाले आहे. यजमानांचा जन्म मुंबईत १९६८ मध्ये झाला, आणि तेही तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांनी स्वतःची नोंद कधी केली नव्हती. माझी मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सासऱ्यांची नोंद आता करता येईल असे वर वाचले. मग त्यांच्यानंतर यजमानांची आणि शेवटी मुलीची, असा क्रम लावता येईल का?

वायंगण

गिरगावकरीण ताई, यजमानांबद्दल वाचून वाईट वाटले.

सासऱ्यांची नोंद करता येईल, कारण ते जन्मानेच पोर्तुगीज होते आणि तिथे फक्त घडलेली गोष्ट वहीत उतरवायची आहे. यजमानांचे तसे नाही. परदेशात जन्मलेल्या अपत्याला नागरिकत्व हवे असल्यास त्याने स्वतः इच्छा व्यक्त करावी लागते, आणि ती इच्छा त्यांच्या पश्चात दुसऱ्या कोणाला व्यक्त करता येत नाही. म्हणून मधली कडी आता जोडता येणार नाही. मुलीला आजोबांच्या आधारे नात म्हणूनच अर्ज करावा लागेल, म्हणजे भाषेची परीक्षा आली. ए२ ही पातळी रोजच्या व्यवहारापुरत्या भाषेची आहे, आणि शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी ती चिकाटीने गाठू शकते. यजमानांच्या जन्मदाखल्यावर सासऱ्यांचे नाव त्यांच्या डिचोलीच्या नोंदीशी जुळेल असे आहे का, आणि सासू-सासऱ्यांचे लग्न कुठे नोंदले आहे, हे मात्र आधी पाहा.

याच कारणाने मी ज्यांचे आई-वडील हयात आहेत त्यांना सांगतो की, निर्णय काहीही घ्या, पण विचार त्यांच्या हयातीत करा.

थेम्सकाठ

मी गेली बरीच वर्षे इंग्लंडमध्ये आहे आणि पोर्तुगीज नागरिक आहे. पात्रता ठरल्यावर पुढे काय, याबद्दल लिहितो, कारण इथे आलेल्या कित्येक कुटुंबांना ते उशिरा कळले.

पोर्तुगाल दुहेरी नागरिकत्व मान्य करतो, भारत करत नाही. भारतीय राज्यघटनेचा अनुच्छेद ९ आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे कलम ९ यांनुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. त्यासाठी कुठे राजीनामा द्यावा लागत नाही, ते आपोआप संपते. नागरिकत्वाच्या नियमांप्रमाणे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेणे हा त्याचा निर्णायक पुरावा मानला जातो. लिस्बनमध्ये केवळ जन्म नोंदवला आणि पासपोर्ट घेतला नाही, तर काय, यावर गोव्यात दीर्घकाळ वाद चालला आहे, आणि निवडणूक लढवणाऱ्यांच्या बाबतीतही तो उपस्थित झालेला आहे. "नुसती नोंद करून ठेवू, पासपोर्ट नंतर बघू" असे सहज सांगितले जाते, त्यावर विसंबू नका. विशेषतः सरकारी नोकरीत असलेल्यांनी, किंवा त्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांनी, आधी भारतीय वकिलाचा लेखी सल्ला घ्यावा.

भारतीय पासपोर्ट परत करणे बंधनकारक आहे, आणि नागरिकत्व गेल्यानंतर तो वापरणे हा पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा आहे. त्यानंतर ओसीआय कार्ड (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांना भारतात येण्या-राहण्याची मुभा देणारे) मिळू शकते. भारत सरकारने २०२२ मध्ये पासपोर्ट रद्द करण्याचे कडक धोरण घेतल्यावर अनेक गोमंतकीय अडकले होते; एप्रिल २०२४ मध्ये पासपोर्ट रद्द केल्याचा आदेशही ओसीआयच्या अर्जासाठी ग्राह्य धरण्याची सवलत देण्यात आली. ओसीआय असलेल्याला मतदान करता येत नाही, आणि शेतजमीन किंवा बागायत विकतही घेता येत नाही. वारसाहक्काने आलेली जमीन राहते, पण भावाचा वाटा विकत घेऊन कुळागर (सुपारी-नारळाची बाग) एकसंध ठेवण्याचा बेत असेल, तर तो व्यवहार आधी करावा लागेल.

इंग्लंडच्या आशेने हे करणाऱ्यांसाठी एक वाक्य पुरे: ३१ डिसेंबर २०२० नंतर पोर्तुगीज पासपोर्टावर इथे येऊन स्थायिक होण्याचा मोकळा हक्क उरलेला नाही. पोर्तुगाल, आयर्लंड आणि युरोपीय संघातले बाकीचे देश खुले आहेत.

तेरेखोलकाठ

वायंगण, आज आत्याला फोन केला. वडिलांचा जन्म पेडण्याला आजीच्या माहेरी झाला, आणि वर्दी आजीच्या भावाने दिली असे तिला आठवते. आजी-आजोबांचे लग्न सावंतवाडीत झाले, ते कुठे नोंदले की नाही ते ठाऊक नाही.

वायंगण

म्हणजे पेडण्याच्या कार्यालयात १९५४ आणि १९५५ अशा दोन्ही वर्षांच्या वह्या पाहण्याचा अर्ज द्या, कारण वर्दी उशिरा दिल्यास नोंद पुढच्या वर्षात सापडू शकते. वडिलांच्या नावाने मिळाले नाही, तर आजोबांच्या आणि पणजोबांच्या नावाने शोधायला सांगा. मुलाचे नाव वेगळे लिहिलेले असले, तरी बाकीची नावे जुळतात. संपूर्ण उतारा घ्या. वर्दी मामाने दिली असल्याने आजी-आजोबांच्या लग्नाचा प्रश्न निघू शकतो, पण वडील स्वतःच त्या भूमीवर जन्मलेले असल्यामुळे तो तुमच्या बाबतीत किती लागू पडतो, हे नोंदीचा मजकूर वाचूनच सांगता येईल. उतारा मिळाल्यावर त्यातली नावे आणि ओळख पटेल असा तपशील झाकून मजकूर इथे टाका, नोंदवही आणि मी वाचून कळवू. तोपर्यंत त्या दुसऱ्या माणसाला एक रुपयाही देऊ नका, आणि मूळ कागद तर कोणाच्याच हातात देऊ नका.